औषधाची बाटली रिकामी झाली की लगेच तीनदा खंगाळा

फवारणीचं औषध पंपात ओतून बाटली बांधावर फेकली, की ती रिकामी झाली असं आपण धरून चालतो. जरा उजेडात धरून बघा: तळाशी आणि मुठीच्या पोकळ भागात औषधाचा थर असतोच. तो वाळला की निघत नाही, म्हणून काम तिथल्या तिथेच उरका. बाटली आधी पंपावर पालथी धरून निथळू द्या. मग पाव भाग स्वच्छ पाणी घ्या, झाकण लावून 30 सेकंद जोरात हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं 3 वेळा. हे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. पैसे मोजून घेतलेलं औषध आहे, पिकावरच जाऊ दे. पंप काठोकाठ भरण्याआधीच हे करा, नाहीतर धुवण ओतायला जागा उरत नाही. हातमोजे आणि चष्मा अर्थातच हवेत. शेवटी बाटलीच्या तळाला भोक पाडा, म्हणजे घरात कुणी तिच्यात तेल-रॉकेल भरणार नाही. जाळू मात्र नका, धूर विषारी असतो.