परदेशात पाऊल मोडलं तर: भार किती, कधीपासून

पावलाचं हाड मोडलं असेल तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: या पायावर भार किती द्यायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. बाकीचे प्रश्न नंतरही विचारता येतात. नव्या देशात माणूस बहुतेक वेळा एकटा राहत असतो. पाणी आणायला, दार उघडायला, रात्री बाथरूमला जायला दुसरं कुणी नसतं. म्हणून नको असताना पाय टेकवला जातो आणि जुळत आलेलं हाड पुन्हा हलतं. पुढचं जे काही लिहिलं आहे, ते हे टाळण्यासाठी.

आधी शब्दाचा घोळ. ‘मोडलं नाही, नुसतं फ्रॅक्चर आहे’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत दोन्ही एकच. हेअरलाइन म्हणजे बारीक चीर, पण तेही फ्रॅक्चरच. ‘चालता येतंय म्हणजे मोडलं नसेल’ हेही खरं धरू नका. घोट्याला आणि पावलाला मार लागल्यावर एक्स-रे हवा की नको हे ठरवायला ‘ऑटावा नियम’ वापरले जातात. त्यात चार पावलं टाकता येतात का हे बघतातच, शिवाय विशिष्ट हाडांवर बोटाने दाबल्यावर दुखतं का हेही बघतात. त्यातली एक जागा म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर हाताला लागणारा उंचवटा. तिथे बोट ठेवताच कळ आली तर चालता येत असलं तरी ते स्पष्ट सांगा.

तो उंचवटा म्हणजे पाचव्या मेटाटार्सल हाडाचं, म्हणजे करंगळीच्या मागच्या लांब हाडाचं, बूड. पावलातल्या २६ हाडांपैकी सर्वांत जास्त गैरसमज याच हाडाबद्दल होतात. बुडाचं अगदी टोक निघालं असेल तर कडक तळव्याचा बूट घालून सोसवेल तसं लवकरच चालायला सांगतात आणि ते सहसा नीट जुळतं. हीच चीर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे असेल तर तिला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. त्या पट्ट्यात रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. तिथे सहा ते आठ आठवडे पाय अजिबात न टेकवण्याचा सल्ला असतो, काहींना स्क्रू बसवावा लागतो. रिपोर्टवर मात्र दोन्हींसाठी ‘पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाचं फ्रॅक्चर’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. त्यामुळे ओळखीतलं कुणी ‘मी तिसऱ्या आठवड्यात चालत होतो’ म्हणालं तरी त्यावर जाऊ नका. एक्स-रेवर चीर नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांकडून बोट ठेवून दाखवून घ्या.

दुसरी हमखास निसटणारी इजा पावलाच्या मधल्या सांध्यांची, लिसफ्रँक नावाची. झोपून काढलेल्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही. तळव्यावर, कमानीच्या भागात निळं-जांभळं पडलं असेल आणि ‘मुरगळलंय’ म्हणून घरी पाठवलं असेल, तर परत जा आणि उभं राहून, दोन्ही पावलांचा एक्स-रे काढता येईल का ते विचारा. या बाबतीत भीड बाळगू नये असं आमचं ठाम मत आहे. हीच इजा उशिरा कळली तर पाऊल कायमचं दुखत राहू शकतं.

भाराचे हुकूम साधारण तीन असतात. ‘नॉन वेट बेअरिंग’ म्हणजे पाय जमिनीला लावायचाच नाही. ‘पार्शल’ म्हणजे ठरावीक भार, तोही किलोत विचारून घ्यायचा. ‘अॅज टॉलरेटेड’ म्हणजे सोसवेल तेवढा. पार्शलमध्ये सगळे चुकतात, कारण वीस किलो भार पायाला कसा लागतो याचा अंदाज कुणालाच नसतो. घरातला वजनकाटा घ्या, त्याच्याच उंचीचं जाड पुस्तक शेजारी ठेवा. बरा पाय पुस्तकावर, दुखरा काट्यावर. कुबड्यांचा आधार घेत हळूहळू भार वाढवा, काटा वीसवर आला की थांबा. असं सलग दहा वेळा केलं की पायाला ते माप कळतं. दर दोन दिवसांनी पुन्हा करून बघा, दुखणं कमी झालं की भार नकळत वाढतो.

कुबड्यांची उंची पहिल्याच दिवशी लावून घ्या. काही देशांत काखेतल्या मिळतात, काहींत कोपरापर्यंतच्या. काखेतल्या कुबडीचा वरचा कठडा काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहायला हवा. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ आली पाहिजे, म्हणजे पकडल्यावर कोपर किंचित वाकतं. शरीर तोलायचं तळहातांवर. काखेत लटकलात तर तिथली नस दबते, बोटांना मुंग्या येतात, कधी मनगट लुळं पडतं. जिना चढताना बरा पाय आधी वर, मग दुखरा आणि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, मग बरा. कठडा असेल तर एका हाताने तो धरा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात घ्या. तेही जमत नसेल तर पायरीवर बसून, पाठमोरं एकेक पायरी सरका. त्यात कमीपणा काही नाही. खालची रबरी टोपणं झिजून गुळगुळीत झाली की लगेच बदला. ओल्या फरशीवर पडणं बहुधा तिथूनच सुरू होतं.

आता घर. दोन्ही हात कुबड्यांत अडकले की साधा कपही नेता येत नाही. म्हणून पाठीला छोटी सॅक, गळ्यात मोबाइलची पिशवी आणि पेयासाठी घट्ट झाकणाची बाटली. पायपुसणी आणि सुट्ट्या सतरंज्या गुंडाळून ठेवा, वायरी भिंतीकडे सरकवा, पलंग ते बाथरूम या वाटेवर रात्रभर छोटा दिवा राहू द्या. आंघोळीला प्लास्टिकचं, रबरी पायांचं स्टूल घ्या आणि बसूनच आंघोळ करा. प्लास्टरला भिजू देऊ नका. वर प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली तरी तो पाय फवाऱ्याबाहेरच ठेवा. आत खाज आली म्हणून पट्टी किंवा सुई घालू नका, ओरखडा चिघळला तरी बाहेरून दिसत नाही. त्याऐवजी केसांच्या ड्रायरची थंड हवा आत सोडा.

पहिले दोन-तीन दिवस सुजेचे. पाय छातीच्या पातळीच्या वर हवा, खुर्चीसमोर स्टुलावर ठेवणं पुरत नाही. उशा पोटरीखाली घ्या आणि टाच अधांतरी राहू द्या, नाहीतर तिथे दाबाची जखम होते. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नको.

गोळ्यांत एक फसगत असते. पॅरासिटामॉललाच काही देशांत अॅसिटामिनोफेन म्हणतात. सोबत आणलेल्या एकत्रित गोळीत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही असू शकतात, त्यावर इथली वेगळ्या नावाची गोळी घेतली तर मात्रा दुप्पट होते. निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, त्याही दिवसभरात विभागून. यकृताचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारा. धूम्रपान थांबवा, निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो.

काही लक्षणं सकाळपर्यंत थांबू देत नाहीत. गोळी घेऊनही वाढतच जाणारी कळ, बोटं हळूच वर ओढली की असह्य होणारं दुखणं, बधिर, थंड किंवा निळसर बोटं: प्लास्टर किंवा आतला दाब वाढल्याची ही खूण, ताबडतोब इस्पितळ गाठा. पोटरी दुखून सुजणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली तर आपत्कालीन नंबर फिरवा. पाय जखडल्यावर गुठळी होऊ नये म्हणून काही देशांत पोटात टोचायचं इंजेक्शन रोज घ्यायला देतात. तुम्हाला ते हवं का, हे स्वतःहून विचारा आणि घरात आधी कुणाला गुठळी झाली असेल तर सांगा.

कागदांचंही पहिल्या आठवड्यातच उरका. आजारपणाचा दाखला कामावर किती दिवसांत द्यायचा याला मुदत असते. फिजिओथेरपीला विम्याची आधी मंजुरी लागते का ते विचारा. एक्स-रेच्या मूळ फाइल मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला पुरत नाही. तारीख नीट वाचा: ०३/०५ म्हणजे कुठे ३ मे, कुठे ५ मार्च. भाषा अडत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा, बऱ्याच इस्पितळांत तो मोफत मिळतो.

मायदेशी जाऊन बरं होऊ, असं वाटणं साहजिक आहे. पण ताज्या प्लास्टरवर लांबचा विमानप्रवास धोक्याचा. वर पाय सुजतो आणि प्लास्टर सुजत नाही. बऱ्याच विमान कंपन्या छोट्या प्रवासाला प्लास्टरनंतर २४ तास आणि लांबच्या प्रवासाला ४८ तास थांबायला लावतात, किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यायला सांगतात. गुठळीबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. व्हीलचेअर हवी हे किमान ४८ तास आधी कळवा.

पुढे वॉकिंग बूट, म्हणजे पाय जखडून ठेवत चालू देणारा पट्ट्यांचा बूट, मिळाला तर त्याचा तळवा जाड असतो. दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचा बूट घाला, नाहीतर कंबर धरते. एका कुबडीवर आलात की ती बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात.

प्लास्टर निघाल्यावर पाय बघून धक्का बसतो: पोटरी बारीक, कातडी सालपटलेली, घोटा ताठ. हे अपेक्षितच आहे. संध्याकाळची सूज काही महिने राहू शकते. मात्र कातडीचा रंग बदलतोय, घाम येतोय, साधा स्पर्शही सोसत नाही असं झालं तर लवकर दाखवा. परवानगी मिळाली की दिवसातून तीन वेळा पायाने हवेत अक्षरं गिरवा, जमिनीवरचा टॉवेल बोटांनी गोळा करा, बसून टाचा उचला. मग उभ्याने दोन्ही टाचा, शेवटी एका पायावर. उजवा पाय असेल तर प्लास्टरमध्ये किंवा बुटात गाडी चालवू नका, विमाही नाकारला जाऊ शकतो. नंतरही आधी बंद गाडीत ब्रेक कचकन दाबून बघा. कळ येऊन पाय मागे येत असेल तर अजून बसनेच जा.