अपडेटनंतर अडलेला बिलांचा प्रिंटर

सोलापुरातील साखर पेठेत आमचे चादरी-टॉवेलांचे दुकान असून, गड्ड्याच्या यात्रेच्या ऐन गर्दीत, विंडोज संगणकाने रात्री आपणहून घेतलेल्या अपडेटनंतर सकाळी बिलांचा प्रिंटर बंद पडला. छपाईच्या रांगेत १४ बिले अडकली होती आणि घडी घातलेली चादर काखेत धरून गिऱ्हाईक ताटकळत उभे होते.

प्रथम मी सर्व्हिसेसमधील ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवला, अडकलेल्या फाइल पुसल्या आणि तो पुन्हा सुरू केला. एक बिल निघाले आणि सारे पुन्हा ठप्प झाले. तेव्हा सेटिंग्जमधील अपडेट हिस्टरीत जाऊन आदल्या रात्रीचे अपडेट अनइन्स्टॉल केले, संगणक रीस्टार्ट केला, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ओळखीची खरखर ऐकू आली.

मात्र काढलेले अपडेट पुन्हा आपसूक उतरते, म्हणून सेटिंग्जमध्ये अपडेट लगेच ‘पॉज’ करावे, म्हणजे काही काळ थांबवून ठेवावे. त्याची एका वेळची कमाल मुदत ५ आठवड्यांची असते. सुरक्षेसाठी अपडेट घ्यावेच लागते, आणि म्हणूनच ते नीट न पारखता लोकांच्या माथी मारणे मला अक्षम्य वाटते. आता मी ते रविवारी, डेटाचा बॅकअप घेऊनच उतरवतो.