बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: जुन्या गाडीचं पाणी आणि ऑईल शोधताना

जुन्या गाडीचं पाणीही कमी होतंय आणि ऑईलही, असं गिऱ्हाईक म्हणालं की गॅरेजात कुणीतरी लगेच बोलतं, "हेड पॅकिंग गेलं", म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट फुटलं. नव्याने कामाला लागलेल्या पोराला हे वाक्य आठवडाभरात पाठ होतं. गाडी पंधरा-वीस वर्षं चाललेली मारुतीची ८०० किंवा झेन, ह्युंदाईची सॅन्ट्रो असली तर हे निदान बरेचदा चुकीचं निघतं. पाणी एका वाटेने जातं, ऑईल दुसऱ्याच. इंजिनवरचं सगळं रबर एका वयाचं, एकाच गरमीत शिजलेलं, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी एकाच वर्षात तोंड सुटतं, एवढाच त्यांचा संबंध. म्हणून पाण्याचा आणि ऑईलचा तपास वेगळा करायचा. हेडला पाना लावायचा तो अगदी शेवटी.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण नवीन पोरं तिथेच फसतात. मीही तिथेच लटकलो होतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

बॉनेट उघडलं की नजर आधी प्लॅस्टिकच्या बाटलीवर जाते. पाणी खुणेपर्यंत दिसलं की आपण म्हणतो, पाणी ठीक आहे. पण या जुन्या गाड्यांत ती बाटली म्हणजे फक्त वरकड पाण्याची सोय. दाब असतो रेडिएटरमध्ये. इंजिन तापलं की पाणी फुगतं, झाकणाची स्प्रिंग उचलते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की आत पोकळी तयार होते, झाकणाच्या मधला छोटा वॉल्व्ह उघडतो आणि तेच पाणी परत ओढलं जातं. हा छोटा वॉल्व्ह चिकटला, किंवा नळीला चीर पडली, किंवा नळी बाटलीच्या तळापर्यंत पोचतच नसली, तर पाणी जातं पण परत येत नाही. परत येते ती हवा. रोज थोडं थोडं. चार-आठ दिवसांत बाटली काठोकाठ आणि रेडिएटरचा वरचा भाग कोरडा. मालक बाटली बघून खूश, आपणही खूश.

पुढचा भाग जास्त वाईट. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. भोवती हवा किंवा वाफ असली की काटा मध्यावर नाहीतर त्याच्याही खाली राहतो. खंबाटकीच्या चढावर इंजिन आतून भाजतंय आणि काटा म्हणतोय सगळं उत्तम. त्यात मालकाने हिटर लावलेला असला आणि गरम हवेऐवजी एकदम गार हवा यायला लागली, तर समजा पाणी संपत आलंय. ही खूण मला कुठल्या वर्गात शिकवली नव्हती. तुम्ही गिऱ्हाइकालाही सांगून ठेवा, फुकटची आहे.

म्हणून नियम एकच: गाडी रात्रभर थंड झालेली असताना रेडिएटरचं झाकण उघडून गळ्यात बघायचं. पाणी काठाला लागलेलं पाहिजे. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही, उस्तादांनी "काही होत नाही" म्हटलं तरी नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी पुढे. ते झाकण तुम्ही ११० अंशांवर सोडलंत तर आतलं पाणी त्या क्षणी वाफ होतं आणि ती वाफ सरळ तोंडावर येते. यात समजुतीने घ्यायला काही जागा नाही.

झाकण हातात आलं की ते नीट बघा. खालचं रबर कडक झालंय का, मधली चकती बोटाने हलकेच ओढली तर सुटते आणि परत बसते का. शंका असेल तर बदला. नाना पेठेत झाकण इतकं स्वस्त मिळतं की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त वरचा आकडा बघून घ्या. ०.९ च्या जागी १.१ बसवलं तर जुना रेडिएटर आणि जुने होस पाईप यांना विनाकारण जास्त दाब सोसावा लागतो. कमी आकड्याचं बसवलं तर पाणी लवकर उकळतं. ज्या गाड्यांत दाबाचं झाकण बाटलीवरच असतं, तिथे हा सापळा नाही, बाटलीतली पातळी तिथे बरीचशी खरी असते. मालकाला सल्ला देण्याआधी कुठली पद्धत आहे ते बघा.

झाकण आणि नळी ठीक करून, हवा काढून, पाणी भरूनही बाटली परत चढत असेल तर मात्र हेडचा संशय रास्त. जळलेला वायू पाण्यात शिरून पाण्याला बाटलीत ढकलत असतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, बाटलीत थांबत नाहीत असे बुडबुडे आले, तर निळ्या औषधाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून वरची हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची. जळका वायू असेल तर रंग पिवळसर होतो. आधी रेडिएटरमधलं थोडं पाणी काढून घ्या, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं आणि चाचणी वाया जाते. प्लग काढून बघा: बाकीचे काळपट आणि एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तो सिलिंडर पाणी खातोय. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल तर दोघांमधलं पॅकिंग गेलंय.

आणि ऑईल भरायच्या झाकणाखालचा तो पांढरा साय-साय थर. पावसाळ्यात सदाशिव पेठेतून डेक्कन आणि परत, एवढीच फिरणारी गाडी असली तर इंजिन पुरतं तापतच नाही, आतली ओल ऑईलच्या झाकणाखाली जमते आणि मलईसारखी दिसते. एवढ्यावर हेड उघडणारे उस्ताद मी पाहिलेत. ऑईलची पातळी मोजायची पट्टी काढून बघा. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल तर गाडी एकदा साताऱ्यापर्यंत पळवून आणायला सांगा आणि मग ठरवा. पट्टीवरही कॉफीचा रंग असेल तर गाडी चालू करू नका, टोइंगने आणा. बेअरिंगला पाणी मिसळलेलं ऑईल चालत नाही.

बाहेरची गळती त्या मानाने सोपी. हाताने पंप मारायचा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या तोंडावर लावायचा, झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं चहा प्यायचा. काटा उतरला तर कुठून तरी जातंय. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या भोकातून थेंब येतो का, पाईपांच्या क्लिपाखाली हिरवा-पांढरा क्षार जमलाय का, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा सांधा ओला आहे का, ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या गंजून झिरपतायत का. बाहेर काहीच दिसलं नाही तर शेजारच्या सीटखालची मॅट उचलून बघा. ती ओली आणि गोडसर वासाची असेल, काच आतून धुरकट होत असेल, तर हिटरची जाळी गेली. ही मॅट बघायचं माझ्या पहिल्या गॅरेजात कुणाला सुचत नसे, आणि उगाच रेडिएटर बदलले जात.

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांत वॉचमन तेच बादलीने आणून देतो, त्यातल्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं. काढलेलं कूलंट गटारात किंवा उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं पिऊन मरतात.

आता ऑईल. इथेही पातळी खोटं बोलते, फक्त वेगळ्या कारणाने. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी बघायची, हे तुम्हाला माहीत आहे. पण पट्टीवर ऑईल कमी होत नाही म्हणजे गाडी ऑईल पीत नाही असं नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकलेल्या गाडीत, किंवा कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल तर, ऑईलमध्ये पेट्रोल मिसळत राहतं. जितकं ऑईल जळतं तितकं पेट्रोल येतं, पातळी जागच्या जागी. मग मालक कोल्हापूरला जाऊन येतो, लांबच्या पळीत ऑईल तापून पेट्रोल उडून जातं, आणि तो आपल्याकडे येतो:

"अहो दादा, महिनाभर एक थेंब कमी झालं नव्हतं. कोल्हापूरला जाऊन आलो आणि पट्टी कोरडी."

काका खोटं बोलत नसतात. पट्टीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आधी तो बंदोबस्त, मग ऑईल बदलणं, आणि त्यानंतरच ऑईल किती जातं याचा हिशेब.

थर्मोस्टॅट, म्हणजे आपण ज्याला वॉल म्हणतो, तो काढून टाकणं हा आपल्या गॅरेजांचा लाडका उपाय. गाडी गरम होते? वॉल काढा. फॅन उशिरा लागतो? फॅन डायरेक्ट करा, म्हणजे कायम चालू ठेवा. मला या दोन्हींचा मनापासून राग आहे. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, ऑईलमध्ये गाळ होतो, आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं, फक्त उन्हाळ्यात चढावर ते परत भेटतं. रेडिएटरमध्ये हळद टाकणंही त्याच जातीचं. रस्त्यात अडकलात, रात्र झालीय, घर वीस किलोमीटरवर आहे, तेव्हा टाका, मी नाही म्हणणार नाही. पण गॅरेजात आणल्यावर हळद तशीच ठेवून गिऱ्हाइकाला "काम झालं" सांगणं म्हणजे फसवणूक. ती हळद पुढे हिटरच्या जाळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते.

ऑईल बाहेर जातंय की आत जळतंय, हे आधी ठरवा. इंजिन धुवून घ्या, कोरडं करा, गाडी दोन दिवस चालवू द्या आणि मग वरून खाली बघा. गळती कायम वरून शोधायची, थेंब खाली पडतो म्हणून खालच्या चेंबरचं, म्हणजे ऑईलच्या तळटाकीचं, पॅकिंग बदलणारे बरेच आहेत. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून आलेलं ऑईल एक्झॉस्टवर पडून तिथेच जळतं, पार्किंगच्या फरशीवर डाग पडतच नाही, फक्त सिग्नलला करपल्याचा वास येतो. ऑईल प्रेशरचा स्विच, डिस्ट्रिब्युटरची रिंग, ऑईल फिल्टरखाली चिकटून राहिलेलं जुनं रबर, टायमिंग कव्हरमागचे कॅम आणि क्रँकचे सील, हे सगळं चेंबरच्या आधी. टायमिंग बेल्ट ऑईलने भिजलेला असेल तर सीलबरोबर तोही बदला, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

आत जळत असेल तर धूर सांगतो. सकाळी चालू केल्यावर किंवा उतारावर पाय काढून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा झोत आला तर वॉल्व्ह सील. चढावर, जोर लावताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंग. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंग, जागेवरच राहिला तर वॉल्व्ह किंवा पॅकिंग. त्याही आधी टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातली वाफ आणि वायू परत जळायला पाठवणारा) काढून हलवा. खुळखुळला नाही तर तो अडकलाय, आणि निव्वळ तेवढ्यामुळे इंजिन ऑईल फेकू शकतं. २०डब्ल्यू-४० च्या जागी जाड ऑईल भरून धूर लपवणं हे गाडी विकणाऱ्यांचं काम, दुरुस्ती करणाऱ्याचं नाही. हजार किलोमीटरला अर्धा लिटर पिणाऱ्या वीस वर्षांच्या गाडीचं मी तरी इंजिन उघडत नाही. मालकाला डिकीत एक डबा ठेवायला सांगतो.

हेड उघडायचंच ठरलं तर घाबरू नका. मला अजूनही पोटात गोळा येतो, आणि तो येऊ द्यावा, त्याने हात सावकाश चालतात. बोल्ट बाहेरून आत सैल, आतून बाहेर घट्ट, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालच्या फटीत फिलर गेज, म्हणजे मोजक्या जाडीची पाती, घाला. मारुतीच्या छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. जास्त असेल तर फेसिंगला, म्हणजे हेड सपाट करून घ्यायला, लेथवर पाठवा. न मोजता नवं पॅकिंग टाकलेली गाडी चार महिन्यांत परत येते आणि तेव्हा पैसे कुणी मागायचे यावर भांडण होतं. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत ऑईल किंवा पाणी राहू देऊ नका, बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो. हे मला उस्तादांनी ओरडून शिकवलं आणि त्यासाठी त्यांच्या बाकी सगळ्या घाईला माफी आहे.

काम झाल्यावर पाणी आणि ऑईल दोन्हींच्या पातळ्या किलोमीटरसकट कागदावर लिहून मालकाला द्या आणि पाचशे किलोमीटरनंतर सकाळी, थंड गाडी घेऊन बोलवा. थंड म्हणजे टोइंग करून नव्हे, पण शेजारीच राहत असतील तर तुम्हीच जाऊन बघा.

पहिल्या पगारातून काय घ्यायचं असं पोरं विचारतात. टॉर्क रेंच उस्तादांचा वापरता येतो. प्रेशर टेस्टर स्वतःचा घ्या, आणि घेताना मारुती व ह्युंदाई दोन्हींच्या तोंडाला बसणारे अडॅप्टर पेटीत आहेत का ते दुकानातच उघडून बघा, कारण सुटे अडॅप्टर नंतर मिळता मिळत नाहीत.