ऐतिहासिक कथेतून आजच्या राजकारणावर भाष्य करताना

आजच्या राजकारणाविषयी काही सांगण्यासाठी ऐतिहासिक कादंबरी किंवा नाटक लिहू पाहणाऱ्याने सुरुवात व्यक्तीपासून करू नये. ‘हा राजा म्हणजे अमुक नेता’ अशी जोडी एकदा मनात बसली की पुढचे सगळे लेखन कोडे घालण्यापुरते उरते, आणि तो नेता पायउतार झाला की कोड्यातली गंमतही संपते. त्याऐवजी सत्तेचा नेमका कोणता व्यवहार आपल्याला अस्वस्थ करतो, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे आणि मग तो व्यवहार पूर्वी कुठे घडला होता, याचा शोध घ्यावा.

१९५३ मध्ये रंगभूमीवर आलेले अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे ‘द क्रुसिबल’ हे नाटक या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या गावी १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून जे खटले चालले, त्यांत गुन्हा कबूल करणारे बहुधा वाचले आणि आपण निर्दोष आहोत असे शेवटपर्यंत म्हणणाऱ्या एकोणीस जणांना फाशी झाली. कबुली द्या, इतरांची नावे सांगा आणि सुटा, हीच रीत मिलर यांना आपल्या काळातील कम्युनिस्टविरोधी चौकशांमध्ये दिसत होती. नाटकाच्या संवादांत कम्युनिस्टांचा उल्लेखही नाही, तरीही प्रेक्षकांना संदर्भ कळायला अडचण आली नाही.

व्यवहार सापडला की त्या काळाची कागदपत्रे वाचावीत, आणि ती वाचताना साम्यांपेक्षा विसंगतींची यादी अधिक काळजीने करावी. त्या काळी कदाचित वृत्तपत्रे नसतील, निवडणुका नसतील, धर्मसत्तेचा धाक वेगळा असेल. हे फरक पुसून टाकले तर पात्रे जुन्या पोशाखातील आजची माणसे होतात आणि वाचकाचा त्या जगावरचा विश्वास उडतो. पात्रांना पुढचा इतिहास ठाऊक नसतो, त्यामुळे त्यांच्या तोंडी भविष्यसूचक वाक्ये घालण्याचा मोह आवरावा. आजच्या घोषणा आणि बातम्यांमधले शब्दही कटाक्षाने टाळावेत. (वाचकाला डोळा मारणारे एखादे वाक्य लिहिताना लेखकाला जो आनंद होतो, तोच ते वाक्य खोडायला हवे याचा सर्वांत चांगला पुरावा असतो.)

दृष्टिकोन शक्यतो सत्ताधीशाचा नसावा. हुकूम लिहून काढणारा कारकून, तुरुंगाचा पहारेकरी, साक्ष द्यायला बोलावलेला शेजारी अशा माणसांच्या नजरेतून सत्ता कशी चालते, हे अधिक स्पष्ट दिसते. शिवाय ती चालू राहण्यात त्यांचा स्वतःचा वाटा किती, हा आजच्या वाचकालाही बोचणारा प्रश्न आपोआप उभा राहतो. सत्ताधीश रंगवलाच तर त्याची बाजू सर्वांत समर्थ युक्तिवादासह मांडावी, कारण मूर्ख जुलमी राजामध्ये आजच्या कोणालाच काही ओळखीचे वाटत नाही. आपल्याशी राजकीय मतभेद असलेल्या एखाद्या चोखंदळ वाचकाला हस्तलिखित अवश्य द्यावे, आणि तो जिथे ‘इथे तुम्ही लबाडी केलीत’ असे म्हणेल तिथे निमूटपणे पुन्हा काम करावे.

ज्याच्याविषयी समाजात आदर आहे असे ऐतिहासिक पात्र घेतले तर वाद व्यवहारावरून घसरून व्यक्तीवर जाण्याची तयारी ठेवावी लागते. विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम उभा करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हवाली करते, हा त्याचा गाभा होता. पण पुष्कळसा वाद नाना फडणवीसांच्या चित्रणाभोवतीच फिरत राहिला. अशा पात्राची गरज नसेल तर काल्पनिक पात्र खऱ्या घटनाक्रमात ठेवणे अधिक सोयीचे ठरते. मात्र केवळ वाद टाळण्यासाठी तसे करू नये, कारण काही कथांना खरे नावच लागते.

इतिहासात जे बदल केले असतील ते लेखकाने टिपणात सांगून टाकावेत. मिलर यांनी ‘द क्रुसिबल’मध्ये चेटकाचे आरोप करणाऱ्या ॲबिगेल या मुलीचे वय वाढवले आणि तसे नाटकाच्या सुरुवातीच्या टिपणात नमूद केले. आजच्या कोणाचेही नाव मात्र या टिपणात येऊ देऊ नये.