गावात पंक बँड काढताय? या चुका टाळा

पंक म्हणजे मोजक्या कॉर्डांचं, प्रचंड वेगाचं, राग ओरडून मांडणारं रॉक संगीत. यवतमाळ-वर्ध्याकडच्या पोरांचे पंकचे व्हिडिओ मी बघत असतो, काहींचा साऊंडही लावून देतो. गडबड होते ती बहुतेक वेळा काही कमी पडलं म्हणून नाही, कुणीतरी जास्तीचं काही घुसवलं म्हणून. गिटार साधी असेल, गोदाम पडकं असेल, मोबाईल जुना असेल, तरी चालतं. न चालणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

आधी जॅकेट, मग गाणं

मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना रेक्झिनचं काळं जॅकेट घालून शूटिंगला आलेल्या पोराला आधी पाणी पाजा, मग गाण्याचं बोला. लंडनचा पंक वेश काही आभाळातून पडला नव्हता. सेक्स पिस्टल्स या बँडचा मॅनेजर मॅल्कम मॅकलॅरेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांचं तिथे कपड्यांचं दुकानच होतं, म्हणजे तोही विकायचा मालच. डोक्यावरच्या तुऱ्याची खरी चलती तर १९८० च्या आसपासच्या बँडांनी आणली. शेतात जाताना घालता तोच शर्ट घाला. पायात मात्र स्लीपर नको, बूट हवेत. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

"बेसूर वाजवलं की झालं पंक"

नाही होत, लेकहो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडची १९७६ ची पहिली रेकॉर्ड ऐका. १४ गाणी, तीही अर्ध्या तासाच्या आत. कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचे गठ्ठे) मोजकेच, पण त्यांचा गिटारवाला जॉनी रामोन याचा हात सतत वरून खालीच येतो, खालून वर जवळजवळ कधीच नाही, आणि एवढ्या वेगातही तो ढिला पडत नाही. आपली पोरं वर-खाली झाडू मारल्यासारखं वाजवतात आणि आवाज पातळ का येतो म्हणून विचारतात. मनगटातून वाजवा, खांद्यातून नको. मोबाईलमध्ये मेट्रोनोम (टक-टक ठेका देणारं ॲप) लावून मिनिटाला १२० ठोक्यांवर सुरुवात करा. हात दुखायचा थांबला की पाच-पाचने वाढवत १८० पर्यंत न्या.

ड्रमर शोधत असाल तर लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा पोरगा पकडा, वेग त्याच्या अंगातच असतो. त्याला एकच गोष्ट समजवावी लागते, की प्रत्येक मोकळ्या जागेत करामत दाखवायची नाही. मुखडा, अंतरा, म्युझिक, पुन्हा अंतरा हे सिनेमाचं गणितही विसरा. दोन मिनिटांत गाणं आटपत नसेल तर सोलो (मधली एकट्या गिटारची करामत) कापा. बहुधा तेवढ्यानेच भागतं.

एको

सगळ्यात मोठा घोळ इथे. आपल्याकडचा साऊंडवाला भजन, कीर्तन, वाढदिवस, सगळ्याला माईकवर एको देतो. चांगल्या मनाने देतो, कारण गाणारा त्याने खूश होतो. पण १८० च्या वेगात शब्दामागे शब्द येतो, आणि पहिल्याचा पडसाद दुसऱ्याच्या उरावर बसतो. समोरच्याला नुसता गलका ऐकू जातो. म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी मिक्सरपाशी जाऊन नम्रपणे म्हणा, "काका, एको पूर्ण बंद करा." ते थोडा ठेवतातच. दुसऱ्यांदा सांगा.

गिटारच्या गेनचंही (आवाज फाटका करणारं बटन) तसंच. बटन पार शेवटपर्यंत फिरवलं की तार कुठली वाजते तेच कळत नाही. गेन निम्म्यावर आणा आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवा. डीजेचे मोठे बेस जोडले असतील तर त्यांचा आवाज उतरवा, नाहीतर गिटार त्यात बुडून जाते. माईकची जाळी मुठीत धरून ओरडायची लकब व्हिडिओत भारी दिसते, पण प्रत्यक्षात स्पीकरमधून शिट्टी त्यानेच वाजते.

आता बुटांचं, म्हणजे विजेच्या झटक्याचं. कोरडे बूट पायातून जमिनीत जाणारा करंट अडवायला मदत करतात, पण सगळं त्यांच्यावर सोडू नका. गाताना ओठ माईकला लागला आणि सण्णकन झटका बसला, असं कुणी सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका. गिटारचा अँप (आवाज मोठा करणारा डबा) एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि कुठेतरी अर्थिंग नाही, असं असलं की तुमचं शरीरच दोघांमधली वायर होतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडू नका. वाजवायच्या आधी टेस्टर गिटारच्या तारेला आणि माईकच्या जाळीला लावून बघा. दिवा पेटला तर वायरमन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तारेवर आकडा टाकून लाईन घेतली असेल तर कार्यक्रमच करू नका.

राग कुणाचा?

लंडनच्या सेक्स पिस्टल्सनी १९७७ मध्ये इंग्लंडच्या राणीवर गाणं केलं, कारण राणी त्यांची होती आणि त्याच वर्षी तिच्या गादीचा रौप्यमहोत्सव चालू होता. तुम्हाला राणीचं काय? पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना जो झडती, म्हणजे पोळ्याची टोमणेबाज गाणी म्हणतो, त्याच्याकडे बघा. सरकार, सावकार, पाऊस, गावातला पुढारी, कुणालाच तो सोडत नाही. दोन-चार ओळींत टोला हाणतो आणि शेवटी "हर बोला हर हर महादेव" म्हणत सगळा गाव आवाज उचलतो. पंकमध्येही एकाने ओळ फेकायची आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं, हीच रीत आहे. बोंडअळी, न मिळालेला विमा, वजनात कापला जाणारा कडता, विषय काय कमी आहेत?

फक्त टोला वरच्यांवर हाणा, खालच्यांवर नको. जातीवरून, बायकांवरून शिव्या घालणं म्हणजे बंडखोरी नव्हे. १९७६ मध्ये इंग्लंडात वर्णद्वेषाविरुद्ध 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली, आणि १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिच्यासाठी क्लॅश हा पंक बँड वाजला. ती बाजू पंकनेच घेतली होती.

व्हिडिओ

ड्रोन, स्लो मोशन, नव्या गाडीतून उतरणारा गायक, हे सगळं लग्नाच्या प्री-वेडिंगला शोभतं. क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग' या गाण्याच्या व्हिडिओसाठी दिग्दर्शक डॉन लेट्स यांनी बँडला रात्री, पावसात, थेम्सच्या धक्क्यावर उभं केलं आणि वाजवायला लावलं. एवढंच. तुम्हीही जिथे वाजवता तिथेच शूट करा.

ट्यूबलाईटखाली चित्रावर काळे पट्टे सरकत असतील तर मोबाईल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून ट्यूबलाईट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. मॅन्युअलमध्ये जाऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, फ्रेम सेकंदाला २५. एडिट करताना ओठ आणि आवाज हळूहळू फाकत गेले तर मोबाईलने फ्रेमचा वेग मधेच बदललेला असतो. आधी क्लिप एकसारख्या फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, आणि प्रत्येक टेकच्या (एका दमात केलेल्या शूटिंगच्या) सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवता येतं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यात शूट करायचं असेल तर हंगाम संपल्यावर मालकाला विचारून जा. रंगीत धुराच्या कांड्या, फटाके, सिगारेट तिथे नकोच. कोपऱ्यात साचलेल्या कापसाच्या तुसाला एक ठिणगी पुरते.

कार्यक्रमात लोक उड्या मारू लागले तर मधली जागा मोकळी ठेवा. कुणी पडला की आजूबाजूच्यांनी लगेच उचलायचं, ही जगभरची रीत आहे. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, त्यामुळे मुख्य गाणं नऊलाच घ्या.

आणि सुरुवातीची पाटी! गाणं दोन मिनिटांचं, त्याआधी हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो अर्धा मिनिट. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने १९७७ च्या जानेवारीत पैसे उसने घेऊन स्वतःच रेकॉर्ड काढली, आणि कुठलं गाणं कितव्या टेकला झालं ते कव्हरवरच छापलं. तुम्हीही गाव, गोदाम आणि कितवा टेक एवढं लिहा. एखाद्या कृषी केंद्राने पेट्रोलला पैसे दिले असतील तर त्याचं नाव शेवटी, खाली, बारीक अक्षरात.