माहेरी की इथंच? नवी मुंबईत बाळंत होणाऱ्यांसाठी

दिवस गेल्याचं फोनवर गावी कळवलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "मग कधी येतीस?" बिऱ्हाड कोपरखैरण्यात असो, घणसोलीत नाहीतर कामोठ्यात, पहिलटकरणीनं माहेरी जायचं हे धरलेलंच असतं. मी २००६ साली पाटण तालुक्यातून लग्न होऊन कोपरखैरण्यात आले. मालक कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. थोरलीचं बाळंतपण माहेरी झालं, धाकट्याचं इथं. आता आमच्या भागातली कुठलीही नवी सून विचारायला आली की मी आधी एवढंच म्हणते, कुठं बाळंत व्हायचं ते पाचव्या महिन्याच्या आत ठरव आणि दोन्हीकडच्या माणसांना स्पष्ट सांगून टाक. दवाखाना, पैसे, दाखला, हाताखालची बाई, सगळं त्यावरून ठरतं.

माझं ठरलं नव्हतं. म्हणजे ठरलेलं आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सातव्या महिन्यापर्यंत इथं तपासण्या केल्या, डोहाळजेवण झालं, ओटी भरून घेतली आणि एसटीत बसले. सोनोग्राफीचे कागद बरोबर होते, रक्ताचे रिपोर्ट मात्र इथल्या कपाटावर पिशवीत राहिले. नववा लागला आणि एका रात्री कळा सुरू झाल्या. जीपनं घाट उतरून दवाखान्यात पोचलो, तर डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न रक्तगटाचा केला. माझा निगेटिव्ह. तोंडी सांगून कोण ऐकतं? पुन्हा रक्त घेतलं, रिपोर्ट येईपर्यंत माझी आई बाकड्यावर देव आठवत बसलेली. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंत झाल्यापासून ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता कळलं. तेव्हा गावी जाणार असाल तर अख्खी फाइल न्या आणि एकेका कागदाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही राहू द्या. जायचं तर शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. डॉक्टरांना विचारून, त्यांनी प्रवासाला हो म्हटल्यावरच निघा.

इथंच राहायचं ठरलं तर दिवस गेल्याचं कळताच आधी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. पुढं बाळंतपण खाजगीत करायचं असलं तरी. तिथं माता-बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला तुमचा नंबर, मिळतो, त्याशिवाय सरकारी मदतीचं गाडं हलत नाही. आशाताई घरी येऊन गेल्या की त्यांचा नंबर लिहून ठेवा, रात्री-अपरात्री कुठं जायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी गर्दी होते, डबा घेऊन जा.

महापालिकेचं मोठं रुग्णालय वाशीला आहे. नेरूळ आणि ऐरोलीलाही पालिकेची रुग्णालयं आहेत. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. सरकारी ठिकाणी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, जेवण आणि घरी सोडायची गाडी फुकट असते. १०२ नंबरची गाडी त्याचसाठी, आणि जिवावरचं काही असेल तर १०८. खाजगीत जाणार असाल तर नॉर्मलचं आणि सिझरचं पॅकेज दोन्ही आधी लिहून घ्या. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ती सोय तिथंच आहे का, की दुसरीकडे हलवणार, आणि दिवसाला किती लागतील, हे तोंडावर विचारा. असं काही विचारणं अपशकुनी वाटतं, सासूबाई तर डोळे वटारतील. वटारू देत.

दवाखाना निवडताना मी आणखी एक बघते, तो रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी ठाणे स्टेशनजवळचं नावाजलेलं हॉस्पिटल धरायचं आणि संध्याकाळी सातला कळा सुरू व्हायच्या, म्हणजे काय होतं ते तिथल्यांनाच विचारा. आमच्याकडे सायन-पनवेल रस्त्याचं तेच. एकदा गर्दीच्या वेळी रिक्षानं जाऊन बघा, घड्याळ लावून. ट्रान्स-हार्बरनं रोज कामाला जाणाऱ्यांनी दिव्यांगांच्या डब्यात बसावं, गर्भवतीला तिथं चालतं. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये असली की कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही. आणि सोनोग्राफीला गेलात की मुलगा की मुलगी विचारू नका, सासरचं कुणी "ओळखीचा डॉक्टर आहे" म्हणालं तरी. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या बाळाला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आधी ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. उत्पन्नाच्या वगैरे अटी आहेत, त्या आशाताई सांगतील. पैसे आईच्याच खात्यात येतात, म्हणून आधार आणि बँकेत नाव सारखं हवं. आमच्यासारख्या निम्म्या बायकांचं एकीकडे माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं, इथंच घोडं अडतं. ते बाळंतपणाआधी सरळ करून घ्या, नंतर मांडीवर लेकरू घेऊन रांगेत उभं राहवत नाही. नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं लागतं. तारीख बघून अर्ज करा, तोही लेखी.

दाखल्याचं मात्र नीट ऐका, कारण यात मी पोळलेय. जन्माचा दाखला तुम्ही राहता तिथला नसतो, बाळ जिथं जन्मलं तिथला असतो. खारघरमध्ये राहून वाशीला बाळंत झालात तर दाखला नवी मुंबई पालिकेचा, पनवेलचा नाही. ऐरोलीची बाई पूल ओलांडून मुलुंडला गेली की तिचं बाळ मुंबई पालिकेच्या वहीत. थोरलीचा दाखला गावाकडचा, त्यात माझ्या नावाचं एक अक्षर चुकलं आणि ते दुरुस्त करायला तीन वेळा एसटीचं तिकीट काढलं. दवाखान्यातून सुट्टी मिळताना जो फॉर्म भरतात तो नवऱ्यानं आधारकार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचावा. नोंद २१ दिवसांत झाली तर फी लागत नाही. नाव तेव्हा ठरलं नसेल तर ती जागा रिकामी राहिली तरी चालते, वर्षभरात ते विनाफी घालता येतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. मला हे फार आवडलं.

आता खरी अडचण. गावी सव्वा महिना बाळंतिणीला चूल दिसत नाही, कारण आई, काकू, भावजय, शेजारीण असतात. इथं नवरा चौथ्या दिवशी कामावर. सासूबाई येणार असतील तर कधी आणि किती दिवस, हे आधी विचारा. शेतीची कामं सोडून त्या यायच्या असतात, त्यांनाही ठरवायला वेळ द्या. बाळाला न्हाऊ घालणारी बाई आठव्या महिन्यातच सांगून ठेवा. आमच्याकडे गावठाणातल्या एक आगरी मावशी यायच्या. पायावर घेऊन असं न्हाऊ घालायच्या की पोरगं रडायचंच विसरायचं. फक्त नाकात तेल, कानात तेल नको म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं. राग आला त्यांना, दोन दिवस अबोला धरला, मग विरघळल्या.

धुरीचं मात्र भांडूनही बंद करा. धाकट्याच्या वेळी जुलै होता, बाहेर धो धो पाऊस. सासूबाईंनी गावच्यासारखी शेगडी पेटवली, वर ओवा आणि वावडिंग टाकलं आणि गार हवा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या. गावच्या घराला कौलांतून वाट असते, इथल्या खोलीला कुठली? थोड्या वेळात माझं डोकं गरगरायला लागलं, बाळ ठसकायला लागलं. शेजारणीनं धूर बघून दार ठोठावलं म्हणून बरं. बंद खोलीतले निखारे जीव घेतात. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पाठीला घ्या. तसंच कुंचीचं. घाटावरच्या थंडीतली सवय इथं चालत नाही, दुपट्यावर दुपटं गुंडाळून पोराला घामोळं येतं. मानेमागं हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा. पावसाळ्यात लंगोट चार दिवस वाळत नाहीत, म्हणून ते दुप्पट आणून ठेवा. बाळगुटीला डॉक्टर नको म्हणतात, सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही. माझ्या आईनं आम्हा सगळ्यांना गुटी उगाळून दिली, तरी धाकट्याला मी दिली नाही.

लाडवांचं सामान मात्र झोकात घ्या. वाशीच्या मसाला मार्केटात डिंक, खारीक, खोबरं, अळीव एका फेरीत मिळतं, तीन-चार घरच्यांनी मिळून गेलं तर भावही बरा पडतो.

लसी जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांला, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. कार्ड एकच ठेवा, मध्येच गावी गेलात तर तिथल्या केंद्रातही ते चालतं.

बाराव्या दिवशी बारसं. माझी नणंद घाट उतरून येऊ शकली नाही, तिच्या गाई व्यायला झालेल्या. मग मजल्यावरच्या आगरी वहिनींनी आत्या होऊन बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करताना त्यांच्या हातून बाळ सोडवेना. घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्री भिजत घाला. मी विसरले होते. सकाळी कुकरच्या सात शिट्ट्या होऊनही ते टणकच राहिले आणि वॉचमनकाकांनी तेही आवडीनं खाल्ले.