स्वतःच वाजवायचं, स्वतःच गायचं: पहिला अल्बम करताना

पियानोवर बसून स्वतःची गाणी गाणाऱ्याने स्टुडिओ ठरवण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा: गळा आणि पियानो एकत्र रेकॉर्ड करायचे की वेगवेगळे? माइकची मांडणी, क्लिक (हेडफोनमध्ये ऐकू येणारा तालाचा टिकटिक ठोका), लागणारे दिवस, सगळं त्यावर ठरतं.

त्याही आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. पियानोवर चाल बांधली की हात सोयीच्या जागी वळतात आणि निम्मी गाणी पांढरी एकमध्ये येऊन बसतात. गळ्याला मात्र काळी दोन हवी असते, नाहीतर पांढरी सहा. प्रत्येक गाणं दोन-तीन पट्ट्यांत गाऊन फोनवर ऐका. मुखड्यातला सर्वांत वरचा सूर आठव्या टेकलाही (म्हणजे आठव्यांदा रेकॉर्ड करतानाही) ताणावा लागणार नाही, ती पट्टी धरा. बोटांना नंतर सवय होते, गळ्याला होत नाही. गाणी 10-11 तयार ठेवा आणि 8 घ्या. 35 मिनिटांचा अल्बम छोटा नव्हे.

एकत्र रेकॉर्डिंगमध्ये लय श्वासाबरोबर पुढे-मागे होते, ओळ हवी तिथे थांबते. मोबदल्यात दुरुस्ती जवळजवळ हातची जाते. पियानोच्या माइकमध्ये तुमचा आवाज शिरलेला असतो. गळ्याच्या ट्रॅकवर एखादा सूर सरळ केला, तरी पियानोच्या ट्रॅकवर मूळचा बेसूर ऐकू येतच राहतो. म्हणून गळ्याला कार्डिऑइड माइक घ्या आणि त्याची पाठ तारांकडे करा. हा माइक मागून येणारा आवाज सर्वांत कमी पकडतो. एवढं करूनही पूर्ण टेक चांगला यावाच लागतो.

वेगवेगळं करायचं असेल तर पियानो वाजवताना कच्चा आवाज गाऊन घ्या. नुसत्या पियानोत ओळींमधल्या जागा चुकतात आणि नंतर गाताना श्वास घ्यायला फट उरत नाही. क्लिक सपाट ठेवू नका. आधी मोकळेपणाने वाजवलेला डेमो घेऊन इंजिनिअरकडून त्याचा टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती बदलते याचा आराखडा, काढून घ्या. कडव्याआधी लय जिथे सैल होते तिथे क्लिकही सैल होईल.

पियानोचं ट्युनिंग हा खर्च वाचवण्याची जागा नाही. वाद्य बरंच उतरलेलं असेल तर एका बैठकीत 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर आणूनही ते पुन्हा घसरतं. त्यामुळे दोन-तीन दिवस आधी एकदा आणि रेकॉर्डिंगच्या सकाळी एकदा, असे दोनदा ट्युनर बोलवा. मुंबईच्या पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) दमट हवेने फुगतो आणि मधल्या सप्तकाचे सूर चढतात. एसी आदल्या रात्रीपासून रेकॉर्डिंगच्याच तापमानाला चालू हवा.

ग्रँड पियानो असेल तर झाकण उघडून तारांपासून 25-30 सेंटिमीटरवर दोन कंडेन्सर माइक लावून सुरुवात करा. हातोड्यांजवळ आवाज टोकदार येतो, मागे सरकल्यावर गोल. रेकॉर्ड झालेलं मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही माइक एकत्र मिसळून, ऐका. मधले सूर पोकळ वाटले तर एक माइक थोडा हलवा. मग न वाजवता नुसतं पेडल दाबून-सोडून ऐका. कुरकुरणारं पेडल, करकरणारं स्टूल, पट्ट्यांवर टकटकणारी नखं शांत गाण्यात हमखास ऐकू येतात आणि मिक्समध्ये निघत नाहीत. रेकॉर्डिंग 24 बिटला करा आणि शिखरं (सर्वांत मोठे आवाज) उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा.

गळ्याची दिवसाला दोनच गाणी. बेस गिटार येणार असेल तर डाव्या हाताने खालच्या सप्तकात दुहेरी वाजवलेले सूर गाळा, नाहीतर मिक्समध्ये तळ गढूळ होतो आणि दोष मिक्सवाल्याला मिळतो.

कागदपत्रं स्टुडिओत जाण्याआधी करा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे सह्यांनिशी लिहून ठेवा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क कंपनीच्या नावे सोडता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर वकिलाला दाखवा. फाइली प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्याकडे) द्या. सिंगल म्हणून आधी आलेलं रेकॉर्डिंग अल्बममध्ये घेताना त्याचा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख असलेला 12 अक्षर-अंकांचा क्रमांक) तोच ठेवा. नवा कोड दिला तर ते वेगळं रेकॉर्डिंग मानलं जातं आणि आधी जमलेले प्ले मागेच राहू शकतात.